शॉर्ट मारायच्या आधी हे वाच भावा

भावा, सेबीनं, म्हणजे शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या संस्थेनं, ट्रेडिंगचे नियम आवळले म्हणून तू चिडलायस ते कळतंय, शाहूपुरीत चहाच्या गाड्यावर पण सगळे हेच बोलत्यात की मोठ्यांना रान मोकळं आणि बारक्यालाच बांधून घातलंय. त्यातलं निम्मं मला पण पटतं. पण २०२१ च्या आधी इंट्राडेला, म्हणजे त्याच दिवशी मिटवायच्या सौद्याला, पाच पटीच्या कितीतरी वर लिव्हरेज (आपल्या पैशाच्या कितीतरी पट मोठा सौदा करायची सोय) मिळायचं, तेव्हा चांगली चांगली पोरं कशी साफ झाली ते मी जवळनं बघितलंय. आता पाचच पट मिळतं, आणि त्यात पण शेअर ४ टक्के उलटा फिरला की तुझे २० टक्के गेले.

शॉर्टचं, म्हणजे जवळ नसलेला शेअर आधी विकून त्याच दिवशी स्वस्तात परत घ्यायच्या खेळाचं, तर नीट ऐक. मी एकदा एका बारक्या कंपनीचे २०० शेअर सकाळी विकले, दुपारी अडीचला अप्पर सर्किट लागलं, म्हणजे त्या दिवशी भाव ज्याच्या वर जाऊ शकत नाही ती हद्द, स्क्रीनवर विकणाऱ्यांच्या रकान्यात शून्य! परत घेणार कुठनं, कोण द्यायलाच तयार नाही, शेवटी ऑक्शनला गेलं, म्हणजे एक्सचेंजनंच लिलावात दुसऱ्याकडनं शेअर घेतले, आणि वरच्या भावाचा फरक खिशातनं भरला. म्हणून करायचंच तर एफ अँड ओ (फ्युचर्स आणि ऑप्शन्स, म्हणजे पुढच्या तारखेचे सौदे) मधला शेअर धर, त्याला ठराविक सर्किट नसतं, आणि स्टॉपलॉस, म्हणजे ठरवलेल्या भावाला सौदा आपोआप मिटवणारी ऑर्डर, तिथल्या तिथं लाव.

सेबीच्याच २०२४ च्या अभ्यासात एफ अँड ओ वाल्या १०० पैकी ९३ जण तोट्यात निघाले, त्यानंतरच इंडेक्सच्या (निफ्टीसारख्या निर्देशांकाच्या) एका कॉन्ट्रॅक्टची कमीत कमी साइझ १५ लाखांवर नेली. मला तरी ते बरोबर वाटतं. आणि घरात उसाचं बिल आलंय ना, त्यातला एक रुपया पण इथं आणू नको.