मेळघाटात ग्रॅव्हल बाईक : गुगामलच्या आतून नव्हे, भोवतीने

आपण विचारले आहे की, दर्यापूरहून निघून दिवाळीच्या सुट्टीत दोघांना ग्रॅव्हल बाईकवर (कच्च्या रस्त्यावरही चालणाऱ्या रुंद टायरच्या सायकलवर) गुगामल राष्ट्रीय उद्यानातून तीन दिवसांची फेरी करायची असल्यास मार्ग कोणता घ्यावा, आणि नकाशाच्या ॲपवर कोहा-कुंडकडे जाणारी जी बारीक रेघ दिसते तिच्यावरून सायकल नेता येईल का. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण पहिल्याचे उत्तर त्यावरच अवलंबून आहे : नेता येणार नाही, आणि तसा प्रयत्नही करू नये.

गुगामल राष्ट्रीय उद्यान सुमारे ३६१ चौरस किलोमीटरचे असून ते मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रात येते. देशात जे पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प झाले, त्यांपैकी हा एक आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार राष्ट्रीय उद्यानात परवान्याशिवाय प्रवेश नाही, आणि पर्यटकाला मिळणारा परवाना ठरलेल्या प्रवेशद्वारातून, ठरलेल्या रस्त्याने, गाईडला सोबत घेऊन वाहनातून फिरण्यापुरताच असतो. पायी किंवा सायकलने जाण्याची त्यात सोय नाही. मात्र याच कायद्याच्या कलम २७ मध्ये अभयारण्यातून जाणाऱ्या सार्वजनिक रस्त्यावरून ये-जा करणाऱ्याला सूट दिलेली आहे, आणि आपली सगळी फेरी या एका सवलतीवर उभी राहते. डांबर सोडून बाजूच्या वनरस्त्यावर चाक घातले की ती सवलत संपली.

आता त्या बारीक रेघेबद्दल. कोहा, कुंड, बोरी, वैराट ही गावे पूर्वी जंगलाच्या पोटात होती आणि त्यांच्या बैलगाड्यांच्या वाटा होत्या. या गावांचे पुनर्वसन होऊन बरीच वर्षे लोटली; घरे गेली, शेतांची कुरणे झाली आणि त्या कुरणांवर आता सांबर, रानगवे आणि त्यांच्या मागावर वाघ येतो. ॲपला यातले काहीच कळत नाही. जुन्या नकाशावरची वाट आणि वन विभागाच्या गस्तीचा रस्ता त्याच्या लेखी सारखाच, त्यामुळे ‘सर्वांत जवळचा मार्ग’ म्हणून ते बेधडक गाभ्यातून नेते. मार्ग आखताना माझा साधा नियम असा आहे की, ज्या रस्त्यावर आजही एसटी जाते किंवा ज्याच्या टोकाला आज वस्ती असलेले गाव आहे, तोच रस्ता धरावा.

यावरून असे वाटेल की मग ग्रॅव्हल बाईकचा उपयोग काय. उपयोग पुष्कळ आहे. मेळघाटातले डांबर पहिल्या पावसात कडेने सुटते, दुरुस्तीच्या नावाखाली गिट्टी पसरून ठेवलेली असते, आणि समोरून एसटी आली की वळणावर आपल्याला मुरमाच्या कडेवर उतरावेच लागते. शिवाय पायथ्याच्या पांदणी, म्हणजे शेतांकडे जाणाऱ्या कच्च्या वाटा, आहेतच, आणि या फेरीतले खरे ग्रॅव्हल मी त्यांनाच मानतो.

पहिल्या दिवशी दर्यापूर ते अंजनगाव सुर्जी हा भाग सरळ डांबरी रस्त्याने काढावा. तुमच्याकडचा खारपाणपट्टा (भूजल खारे असलेला काळ्या मातीचा पट्टा) आहे. तिथल्या काळ्या मातीत ओल असताना पांदणीने जाण्याचा मोह धरू नये. ती माती टायरला लागते, टायरवरची फोर्कच्या बगलेत जाऊन बसते, तिच्यात कपाशीची पाने आणि काडीकचरा मिसळतो आणि शंभर-दीडशे पावलांत चाक फिरायचेच थांबते. मग काडीने माती उकरत बसावे लागते. अंजनगावच्या पुढे पथ्रोटकडे जसजसे सातपुड्याच्या जवळ जाल तसतशी जमीन हलकी होते, मुरूम वर येतो आणि संत्र्याच्या बागा सुरू होतात. इथे पाणंद रस्ते योजनेतून मुरूम पडलेल्या पांदणी सापडतात. दिवाळीच्या सुमारास आंबिया बहराची तोड सुरू असल्याने पांदणीत संत्र्यांच्या गाड्या असतात. त्यांना वाट द्यावी आणि बागेचे फाटक उघडले तर आठवणीने लावावे. मुक्काम परतवाड्यात करावा. घाट त्याच दिवशी चढायला जाऊ नये.

दुसऱ्या दिवशी पहाट उजाडल्यावर परतवाडा, धामणगाव गढी, मोथा असे करत चिखलदरा गाठावे. अंतर तीस किलोमीटरच्या आसपास आहे. परतवाडा समुद्रसपाटीपासून पावणेचारशे मीटरच्या जवळपास आणि चिखलदरा अकराशेच्या वर, म्हणजे चढ सातशे मीटरहून अधिक. सरासरी काढली तर हा आकडा किरकोळ वाटतो, पण धामणगाव गढीपर्यंत रस्ता जवळजवळ सपाटच असल्याने सगळा चढ पुढच्या घाटात एकवटलेला आहे. आपल्या सायकलीला पुढची सर्वांत लहान चकती आणि मागची सर्वांत मोठी चकती यांचे दाते सारखे असतील, किंवा मागचे जास्त असतील, तर सामानासह बसून चढता येते. तसे नसेल तर सायकल घेण्याआधीच्या उत्साहात विक्रेत्याने जे सांगितले ते विसरून मागची कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) बदलून घ्यावी. खर्च होतो, पण गुडघे वाचतात. मोथ्याला गवळ्यांची वस्ती आहे. तिथे थांबून चहा, आणि मिळाला तर खवा घ्यावा.

दुपारपर्यंत चिखलदऱ्यात पोहोचलात तर गाविलगड पाहून घ्यावा. १५ डिसेंबर १८०३ रोजी ऑर्थर वेलस्लीच्या फौजेने हा किल्ला घेतला. तोफा डोंगरावर चढवायला त्यांना काय करावे लागले असेल, हे आदल्या काही तासांतला घाट पायांत असताना चांगले समजते. संध्याकाळचे मुख्य काम मात्र वेगळे आहे. सेमाडोहकडे जाणाऱ्या रस्त्याच्या वन नाक्यावर किंवा वन विभागाच्या कार्यालयात जाऊन, सकाळी सायकलने जायचे आहे हे सांगावे, वेळ विचारावी आणि त्या आठवड्यात रस्त्यावर काही बंदी आहे का याची खात्री करावी. वणवा, वन्यप्राण्याचा वावर किंवा रस्त्याचे काम यांमुळे नियम बदलतात, आणि नाक्यावरच्या माणसाचा शब्द अखेरचा मानावा. तो नाही म्हणाला तर वाद घालू नये. चिखलदरा ते घटांग आणि तिथून परतवाडा असा उतरणीचा पर्याय हाताशी आहे, आणि तोही रस्ता देखणा आहे.

परवानगी मिळाली तर तिसऱ्या दिवशी चिखलदरा ते सेमाडोह हा सिपना नदीच्या खोऱ्यात उतरणारा रस्ता घ्यावा. याच उतारावर सर्वाधिक सावध राहावे लागते, आणि त्याचे कारण सायकलचे आवाज न करणे हे आहे. मोटारीचा आवाज जनावराला लांबून कळतो. सायकल मात्र उतारावर वेगात आणि मुकाट येते. अस्वलाची नजर मंद असते, आणि वारूळ उकरण्यात ते गढलेले असले तर आपण दहा-पंधरा पावलांवर येईपर्यंत त्याला पत्ता लागत नाही. अचानक दचकलेले अस्वल पळण्याऐवजी अंगावर येण्याची शक्यता मोठी असते. म्हणून प्रत्येक आंधळ्या वळणाआधी वेग कमी करून घंटी वाजवावी, नाहीतर दोघांनी मोठ्याने बोलत जावे. कानात इअरफोन अजिबात नको. वाघ किंवा बिबट रस्त्यावर दिसला तर थांबून उतरावे, सायकल आपल्या आणि त्याच्या मध्ये आडवी धरावी, उभे राहावे, पाठ न फिरवता हळूहळू मागे सरावे. खाली वाकू नये आणि पळू नये. उन्हे पुरती वर आल्याशिवाय निघू नये आणि सूर्यास्ताच्या तासभर आधी मुक्कामी असावे. मोहफुलांच्या दिवसांत, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये, मी तर हा रस्ता सायकलने घ्यायचाच नाही असे सांगेन, कारण तेव्हा पहाटे झाडाखाली माणूस आणि अस्वल एकाच कामाला आलेले असतात.

रस्त्याबद्दल आणखी दोन गोष्टी. ओढ्यांवरच्या रपट्यांवरून (काँक्रीटच्या बुटक्या पुलांवरून) दिवाळीपर्यंत पाण्याची पातळ धार वाहत असते आणि तिच्याखाली काँक्रीटवर हिरवे शेवाळ धरलेले असते. रपट्याच्या आधीच वेग कमी करावा, मग हँडल सरळ ठेवून, ब्रेक न दाबता आणि पायडल न मारता पार व्हावे. दुसरी सायकल पलीकडे पोहोचेपर्यंत मागच्याने थांबावे. आणि जानेवारीनंतर कधी पुन्हा आलात तर सागाची पानगळ लक्षात ठेवावी. ताटाएवढी वाळकी पाने रस्त्याच्या कडेला थरावर थर साचतात, वरून सपाट गादीसारखी दिसतात आणि खाली मुठीएवढे दगड लपलेले असतात. पुढचे चाक त्यात शिरले की जाते कुठे ते दिसत नाही.

सेमाडोहला मुक्काम ठेवणे शक्य असेल तर फेरी चार दिवसांची करावी, असे माझे मत आहे. वन विभागाचे पर्यटन संकुल तिथे आहे आणि पुढे कोलकासलाही सिपनेच्या काठी निवासाची सोय आहे. आरक्षण आधी करावे लागते. तीन दिवसांतच उरकायचे असेल तर सेमाडोहहून घटांगपर्यंत पुन्हा चढ आहे हे ध्यानात ठेवून सकाळची जेवणाची वेळ टळण्याआधी तिथून निघावे. हा परतवाडा-धारणी रस्ता आहे. त्यावर ट्रक आणि लांब पल्ल्याच्या बसगाड्या असतात आणि वळणे अरुंद आहेत. घटांगनंतर बिहालीकडे उतरताना ब्रेक सतत दाबून धरू नयेत. वळणाआधी जोरात दाबून सोडावेत, म्हणजे डिस्क तापत नाही.

चुर्णी, काटकुंभ, जारिदा या ईशान्येकडच्या कोरकू गावांचा भाग आपल्याला ग्रॅव्हल म्हणून अधिक आवडेल, पण तो पहिल्याच फेरीत घेऊ नये. अंतरे मोठी आहेत, फोनला रेंज बहुतेक ठिकाणी नसते आणि सायकलचा सुटा भाग परतवाड्याशिवाय मिळण्याची आशा धरता येत नाही.

टायर चाळीस मिलिमीटर किंवा त्याहून रुंद आणि ट्यूबलेस असावेत, कारण पायथ्याच्या पांदणीत सराटे आणि बाभळीचे काटे भरपूर आहेत. सत्तर किलोच्या माणसाला मागे पस्तीस ते चाळीस आणि पुढे त्याहून दोन-तीन पीएसआय कमी हवा पुरते. सीलंट (छिद्र आपोआप बुजवणारे टायरमधले द्रव) नव्याने भरून निघावे, तरी एक ट्यूब, प्लग आणि हाताचा पंप प्रत्येकाकडे वेगळा हवा. पाणी माणशी तीन लिटर घ्यावे. घटांग ते सेमाडोहदरम्यान दुकानावर विसंबू नये.

तारखेबद्दल एक सुचवतो. दिवाळीच्या आठवड्यात चिखलदऱ्याला मोटारींची रांग लागते, खोल्यांचे दर चढतात आणि घाटात नवशिके चालक वळणावर आपल्या बाजूने येतात. सुट्टीचे बंधन नसेल तर दहा-बारा दिवस थांबून मधल्या वारी निघावे. रपट्यांवरचे पाणीही तोवर उतरलेले असते.