इस्रायलच्या स्वातंत्र्याच्या घोषणापत्राला राज्यघटनेचा दर्जा द्यावा का?

अख्ख्या घोषणापत्राला नको, पण समतेच्या परिच्छेदाला जरूर द्यावा, असं माझं मत.

१४ मे १९४८ ला तेल अवीवमध्ये बेन-गुरियन (देशाचे पहिले पंतप्रधान) यांनी ते वाचलं, तेव्हा १ ऑक्टोबरपर्यंत राज्यघटना करू असं त्यातच लिहिलं होतं. ती आजतागायत झाली नाही! त्याच वर्षी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकलं की ही काही घटना नव्हे. पुढे १९५३ मध्ये 'कोल हाआम' वृत्तपत्राच्या खटल्यात मात्र कायद्याचा अर्थ लावायला त्याच मजकुराचा आधार घेतला. १९९४ मध्ये मूलभूत कायद्यांतही, म्हणजे राज्यघटनेच्या जागी तिथे जे खास कायदे आहेत त्यांत, त्याचा उल्लेख आला. दार किलकिलं झालं, इतकंच.

खरी अडचण मजकुराची आहे. बराचसा भाग इतिहास आणि आवाहनं. त्यावर कोर्टात दाद कशी मागणार? पण धर्म, वंश, लिंग असा भेद न करता सर्व रहिवाशांना समान सामाजिक व राजकीय हक्क, हे वाक्य जसंच्या तसं कलम म्हणून चालेल. इस्रायल हे ज्यूंचं राष्ट्र-राज्य आहे असं सांगणाऱ्या २०१८ च्या राष्ट्र-राज्य कायद्यात समता हा शब्दच नाही, म्हणून तर ते जास्तच हवं. फक्त ते क्नेसेटने, म्हणजे संसदेने, मंजूर करावं. न्यायाधीशांनी ओढूनताणून आणलं तर पुढचं सरकार ते उलटवायलाच बसेल.