गच्चीवरची झुकिनी: फुलं भरपूर, फळ धरत नाही

बेळगावातल्या टिळकवाडी, वडगावहून आणि निपाणीहून आलेल्या प्रश्नांचा सूर एकच आहे, म्हणून एकत्र उत्तर देतो. गच्चीवर रंगाच्या रिकाम्या डब्यात झुकिनी लावली, पानं हातभर रुंद झाली, पिवळी फुलं रोज उमलतात. फळ मात्र बोटाएवढं होतं, टोकाकडून पिवळं पडतं आणि गळतं. "आता खत कोणतं घालू?" असं सगळ्यांनीच विचारलंय.

खत घालू नका. पानं एवढी जोमात असताना युरिया दिलात तर आणखी पानं येतील, फळ नाही. तुमच्या झाडाचं पोट भरलेलं आहे, फुलांचं फलन होत नाहीये.

झुकिनी ही भोपळ्याच्याच कुळातली. एकाच झाडावर नर आणि मादी फुलं वेगवेगळी येतात. नर फूल लांब, बारीक देठावर असतं. मादी फुलाच्या मागे इवलीशी झुकिनी आधीपासूनच दिसते, ओळखायला सोपं. बहुतेक वेळा आधी आठवडाभर नुसती नर फुलंच येतात. तेव्हा घाबरून झाड उपटणारे लोक मी पाहिलेत. कडक थंडीत कधी उलटंही होतं, मादी फुलं आधी येतात आणि त्यांना जोडीला नर मिळत नाही. म्हणून एकच झाड लावून वाट बघण्यापेक्षा दोन-तीन डबे ठेवा, आणि पेरणीत आठवड्याचं अंतर ठेवा. दोन्ही प्रकारची फुलं एकाच सकाळी उमललेली मिळण्याची शक्यता वाढते.

झुकिनीचा पराग जड आणि चिकट असतो, वाऱ्याने उडत नाही. मधमाशीच लागते. खानापूरकडे रानाला लागून परडं असेल तर माश्या आपसूक येतात. शहरात तिसऱ्या मजल्यावर, आजूबाजूला सिमेंट असताना, त्या रोज येतीलच असं धरून चालू नका. तिथे हे काम तुम्हालाच करायचं आहे. फुलं उजाडताना उमलतात आणि ऊन चढलं की मिटतात, त्यामुळे साधारण सहा ते नऊ ही वेळ. ताजं नर फूल देठासकट तोडा, पाकळ्या काढून टाका, मधला पिवळा दांडा मादी फुलाच्या आतल्या गाठीवर सगळ्या बाजूंनी हलकेच फिरवा. एका नर फुलात दोन मादी फुलं होतात. उरलेल्या नर फुलांची भजी करा, भोपळ्याच्या फुलांची करतो तशीच. फलन झालं असेल तर दोन-तीन दिवसांत फळ फुगलेलं दिसतं.

फुलं उमलण्याच्या काळात सकाळी कसलीही फवारणी नको. कडुनिंबाचं तेलसुद्धा संध्याकाळीच.

आता डबा. वडगावच्या ताईंनी पाच लिटरच्या कुंडीत दोन रोपं लावलीत. त्यातलं एक आजच काढा, आणि राहिलेलं मोठ्या डब्यात हलवण्यापेक्षा नवं बी थेट मोठ्या डब्यात पेरा, कारण या झाडाला मुळं हलवलेली सोसत नाहीत. वीस लिटरचा डबा ही कमीत कमी मर्यादा, एका डब्यात एकच झाड, तळाला पाच-सहा भोकं. माती म्हणून तांबडी माती, कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि कोकोपीट समान घ्या, वर दोन मुठी निंबोळी पेंड. चिकोडी, निपाणीकडची नुसती काळी माती डब्यात भरू नका. ती पाणी धरून बसते, वाळली की तडकते. साखर कारखान्याची मळी (रस गाळल्यावर उरणारा गाळ, प्रेसमड) मिळत असेल तर पूर्ण कुजलेलीच वापरा, गरम मळीने मुळं भाजतात. भिजलेला वीस लिटरचा डबा पंचवीस किलोच्या घरात जातो, तेव्हा जुन्या स्लॅबवर डबे मधोमध न ठेवता भिंतीच्या कडेने, खाली तुळई असेल तिथे मांडा.

मांडव लागतो का, असं एकाने विचारलंय. नाही. हे झुडूप आहे, वेल नाही. फक्त एका काठीला खोड सैल बांधा, आणि प्रत्येक झाडाला हात-दोन हात मोकळी जागा ठेवा. ऊन मात्र निदान सहा तास हवं. उत्तरेकडच्या, ऊन न येणाऱ्या बाल्कनीत पालक लावा, झुकिनीचा हट्ट नको.

बेळगावचा पावसाळा या पिकाला मानवत नाही. संततधारेत पराग भिजतो, माश्या फिरकत नाहीत, पानांवर केवडा (पिवळ्या डागांचा बुरशीरोग) येतो. ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा ते नोव्हेंबर, आणि पुन्हा जानेवारीअखेर ते फेब्रुवारी, या दोन पेरण्या मला बऱ्या वाटतात. अथणी, रायबागकडे एप्रिलचं ऊन कडक, तिथे दुपारी शेडनेटची सावली द्या. पेरल्यापासून पंचेचाळीस ते पंचावन्न दिवसांत पहिली तोडणी येते.

पाणी रोज द्या, उन्हाळ्यात दोनदा. नळाला दिवसाआड पाणी येतं म्हणून एक दिवस कोरडा आणि दुसऱ्या दिवशी बादलीभर, असं केलं की वाढत्या फळाच्या टोकाला काळा, खोलगट डाग पडतो. फलन न झालेलं फळ पिवळं पडून सुकतं. हा डाग वेगळा, तो कॅल्शियम फळापर्यंत न पोचल्याचा आहे आणि त्याचं मूळ बहुतेकदा अनियमित पाण्यात असतं. अंड्याची टरफलं टाकल्याने या हंगामात काही फरक पडणार नाही, ती कुजायला फार वेळ घेतात. मातीवर उसाच्या पाचटाचा थर घाला, ओल टिकते.

निपाणीहून पानांचा फोटो आलाय, "भुरी आली, गंधक मारू का?" ती भुरी नाही. काही वाणांच्या पानांवर शिरांच्या बेचक्यात जन्मतःच चंदेरी ठिपके असतात. बोटाने पुसून बघा. निघालं नाही तर काही करायचं नाही. पांढरी पूड बोटाला लागली तर भुरी. मग खालची रोगट पानं काढा आणि एक भाग दुधात नऊ भाग पाणी मिसळून आठवड्याला, फुलं मिटल्यावर उन्हात फवारा. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या ब्राझीलमधल्या अभ्यासात झुकिनीवरच हा उपाय चालला होता. गंधकाने काकडीवर्गीय पिकांची पानं उन्हात करपू शकतात, गच्चीवर तो धोका कशाला घ्यायचा. तांबडे भुंगेरे सकाळी सुस्त असतात, हाताने वेचा. फळमाशीला क्यूल्युरचा (नर माशीला ओढणाऱ्या गंधाच्या आमिषाचा) एक सापळा पुरे. पानं गोळा होऊन हिरवी-पिवळी चट्ट्यापट्ट्याची झाली तर तो विषाणू, झाड उपटून बाजूला करा.

फळ वीतभर झालं की तोडा, फलनानंतर चार ते आठ दिवसांत. दोन दिवस गावाला गेलात तर ते दुधीएवढं होतं, बिया जून होतात आणि झाड नवी फुलं कमी देतं. चाखताना कडू लागलं तर थुंका, शिजवूनही तो कडवटपणा आणि त्यातलं विष जात नाही. संकरित वाणाच्या फळातलं बी धरून ठेवू नका, पुढच्या वर्षी काय निघेल ते सांगता येत नाही.

कडोलीच्या एका शेतकऱ्याचा प्रश्न वेगळा आहे: गोव्याला इथून माळवं जातंच, मग झुकिनीची दहा गुंठे लावू का? आधी हॉटेलवाला किंवा व्यापारी ठरवा आणि त्याला फळ किती मोठं हवं ते विचारून घ्या. हे माळवं रोज किंवा दिवसाआड तोडावं लागतं, साल नाजूक असते, क्रेटमध्ये घासलं की डाग पडतात आणि डागाचा माल परत येतो. गिऱ्हाईक हाताशी नसेल तर या हंगामात बांधाला दहा-बारा झाडंच लावून बघा.