गाडी नसताना आई-वडिलांना कोल्हापूर दाखवता येईल का?

आई-वडील सत्तरीच्या आसपास, स्वतःची गाडी नाही, तर अंबाबाई, जोतिबा, पन्हाळा आणि नरसोबाची वाडी तीन दिवसांत एसटीनं होईल का, असं तुम्ही विचारलंय. मी कोल्हापूरचाच. माझ्या आईला घेऊन हे सगळं केलंय, म्हणून सांगतो: होतं, फक्त एक दिवस गाडी ठरवा.

मुंबईहून महालक्ष्मी एक्स्प्रेसनं या. झोप होते, आणि कोल्हापूर शेवटचंच स्टेशन असल्यानं वडिलांना सावकाश उतरवता येतं. आरक्षण मिळालं नाही तर मिरजेपर्यंतचं बघा, तिथून कोल्हापूर पन्नासेक किलोमीटर. सीबीएस, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानक, रेल्वे स्टेशनजवळच आहे.

वाडीला एसटीनंच जा. कुरुंदवाडची पाटी दिसली तरी कंडक्टरला विचारा, त्या गाड्या वाडीवरून जातात. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे. वडील ६५ च्या पुढे असतील तर त्यांनाही अर्धं, ७५ पूर्ण असतील तर मोफत. आधार कार्ड मात्र जवळ हवं. माझी आई कंडक्टर यायच्या आधीच ते पर्समधून काढून मांडीवर ठेवते आणि स्वतःचं तिकीट स्वतः काढते, मला पैसे देऊ देत नाही.

गाडी ठरवायची ती जोतिबा-पन्हाळ्यासाठी. दोन्ही एकाच अंगाला, शहरापासून विसेक किलोमीटरवर, आणि एसटी दोन्हीकडे जाते. पण एका डोंगरावरून दुसऱ्यावर जायचं म्हटलं की पंचाईत. आम्ही एकदा वाघबीळच्या फाट्यावर उतरून उन्हात ताटकळलो आणि शेवटी वडापच्या, म्हणजे माणशी पैसे घेणाऱ्या खाजगी जीपमध्ये बसलो. आईचे गुडघे पुढच्या सीटला टेकलेले, प्रत्येक वळणाला ती माझा दंड घट्ट धरायची. तेव्हापासून डोंगराच्या दिवशी मी गाडीच सांगतो. शिवाय पन्हाळ्यावर तीन दरवाजा, अंबरखाना, सज्जा कोठी लांब लांब आहेत, वयस्कर माणसांना चालवत नाही. जोतिबाला रविवार आणि वाडीला पौर्णिमा टाळा, गर्दी फार असते.

जुलै-ऑगस्टमध्ये येत असाल तर निघायच्या आदल्या दिवशी चौकशी कराच. पंचगंगेला पूर आला की केर्लीजवळ रत्नागिरी रस्त्यावर, म्हणजे जोतिबा-पन्हाळ्याच्या वाटेवर, पाणी येतं, वाडीचं देऊळ पाण्यात जातं. ऑगस्ट २०१९ मध्ये तर शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गच काही दिवस बंद होता. कोणत्या महिन्यात येताय ते कळवा, त्याप्रमाणे दिवसांचा क्रम सांगतो.