फोंतेन्हासमधल्या जुन्या घराच्या हॉटेलात नेमकं काय बघायचं?

तुम्ही विचारलंय की, डिसेंबरात आईवडिलांना घेऊन पणजीला येताय, फोंतेन्हास या इथल्या जुन्या वस्तीत 'जुनं पोर्तुगीज घर' म्हणून जाहिरात केलेल्या एका लहान हॉटेलात खोली घेतलीय, तर तिथल्या निळ्या फरशा, चित्रं, पलंग यांतलं खरोखर जुनं किती? माझं आयुष्य पणजीत गेलं, शेजारच्या मळा नावाच्या वाड्यातल्या मारुतीच्या जत्रेला जाताना ही घरं लहानपणापासून बघत आलो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी तो 'पोर्तुगीज' शब्द थोडा सैल करू. अठराव्या शतकाच्या अखेरीस इथे नारळाची बाग होती. मोझांबिकमध्ये पैसा कमावून परतलेल्या अंतोनियो जुआंव दे सिकेराची. लोक त्याला 'मोसमीकार' म्हणायचे. १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली आणि वस्ती दाटत गेली. पण घरं बांधली इथल्या गवंड्यांनी, इथल्या चिऱ्यात आणि चुन्यात. दारं-खिडक्या केल्या च्यारींनी, म्हणजे इथल्या सुतारांनी. पणजी इन हे हॉटेल आणि त्याच्या जोडीच्या दोन वास्तू बघा. त्यातलं पणजी पौसादा हे मुळात हिंदू घर, मधोमध अंगण असलेलं. डिचोलीला आजोबांच्या घरी आम्ही त्याला राजांगण म्हणायचो. तिसरी वास्तू, पणजी पीपल्स, ही तर एकेकाळची शाळा! त्यामुळे रिसेप्शनवर कुणी 'अस्सल पोर्तुगीज' म्हणालं तर हसून मान डोलवा आणि खोलीची चावी घ्या.

आता निळ्या फरशा. याच फोटोंवर लोक भाळतात, आणि हॉटेलात बहुतेकदा सगळ्यात नवीन त्याच असतात. आझुलेजो, म्हणजे अशा रंगवलेल्या चकचकीत फरशांची कला पोर्तुगालची खरी, पण दारावरचे आकडे, नावाच्या पाट्या, मारियो मिरांडांची व्यंगचित्रं असलेल्या फरशा या गेल्या पंचवीस-तीस वर्षांत पणजीतल्याच कारागिरांनी रंगवून भट्टीत भाजलेल्या. त्यात कमीपणा काही नाही, काम देखणं असतं. फक्त त्यांना शंभर वर्षांचं समजू नका. (आझुलेजो म्हणजे 'आझुल', निळा, असं गाईड सांगतात. शब्द अरबीतून आलाय, घासून गुळगुळीत केलेला दगड या अर्थाचा.) जुनं काम बघायचंच असेल तर आझाद मैदानाजवळच्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात जा. पोर्तुगीज चित्रकार जॉर्ज कोलासोने १९३५ मध्ये केलेली भिंतभर फरशीचित्रं तिथे आहेत, पोर्तुगीज कवी कामोंइशच्या 'लुसियाद' महाकाव्यातल्या प्रसंगांची. पोर्तुगालमधल्या पोर्तो शहरातल्या सांव बेंतो रेल्वे स्टेशनची प्रसिद्ध फरशीचित्रंही याच माणसाची. वडिलांना तिथे अर्धा तास द्या.

हॉटेलात मात्र मी सगळ्यात आधी खिडकीकडे जातो. जुन्या झडपांच्या लाकडी पट्ट्यांत पातळ, चौकोनी कापलेले शिंपले बसवलेले असतात. काच महाग होती तेव्हाचा हा उपाय. ऊन गाळून आत येतं, दुधात हळद घातल्यासारखं. हा शिंपला आता वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे, त्यामुळे एखादा फुटला की दुसऱ्या मोडक्या खिडकीतला काढून बसवायचा. अशी खिडकी पुरी शाबूत दिसली तर मालकाने घर जपलंय असं खुशाल समजा. माझ्या लेखी हॉलमधल्या तैलचित्रापेक्षा तिची किंमत जास्त.

छपरावर मंगळुरी कौलं असतील. मंगळुरात बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनचा कौलांचा कारखाना निघाला १८६५ मध्ये, म्हणजे कौलं त्यानंतरची. पण घर त्याहून जुनं असू शकतं, आधी नळे, म्हणजे अर्धगोल गावठी कौलं असायची, ती उतरवून कौलं चढवली जायची. फर्निचरचं म्हणाल तर शिसवी पलंग जुना असेलही, पण तो त्याच घरचा असेल असं नाही. वाटण्या होऊन मोडलेल्या घरांतून असं सामान फिरत फिरत हॉटेलांत येतं. कुणाच्या आजीच्या बाळंतपणाचा पलंग तुमच्या वाट्याला येईल सांगता येत नाही.

भिंतीला हात लावून बघा. इथे वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, चुन्याचा हात त्यात टिकत नाही, म्हणून दर पावसाळ्यानंतर घर रंगवायची रीत. पांढरा रंग चर्चसाठी राखलेला, बाकीच्यांनी काव, पिवळी माती, नीळ वापरायची. पुढे काहींनी कटकट नको म्हणून सिमेंटचं प्लास्टर आणि प्लास्टिक पेंट चढवला. चिरा ओल शोषतो, ती बाहेर पडायला वाट राहत नाही, मग पोपडे धरतात. मी एकदा अशाच एका 'नूतनीकरण केलेल्या' घरात पाहुण्यांना उतरवलं होतं. उशीवर रात्रभर पोपडे. पाहुणे अजून टोमणा मारतात.

दोन गोष्टी जाता जाता. फोंतेन्हास 'युनेस्कोचं' असल्याचं बरेच जण लिहितात. जागतिक वारसा यादीत १९८६ साली गेली ती जुन्या गोव्याची चर्चेस आणि मठ, हा भाग नव्हे. आणि इथला ३१ जानेवारी रस्ता पोर्तुगालच्या स्पेनपासूनच्या स्वातंत्र्याचा म्हणतात, ते स्वातंत्र्य १ डिसेंबर १६४० चं. ३१ जानेवारी म्हणजे १८९१ साली पोर्तोत राजेशाहीविरुद्ध झालेलं बंड. पोर्तुगालमध्येही त्याच्या नावाचे रस्ते आहेत.

आईंना पायऱ्या चढवत असतील तर संध्याकाळी मारुतीच्या देवळात न्या. तिथून फोंतेन्हासची छपरं एका नजरेत दिसतात, तुमच्या हॉटेलाचं कुठलं ते ओळखून दाखवा. गुडघे कुरकुरत असतील तर मात्र खोली तळमजल्यावरची मागून घ्या, या घरांचे लाकडी जिने फार उभे असतात.