नक्षी काढत नाहीत, वेचतात

प्रश्न आला आहे: ‘पेरूमधल्या प्राचीन कापडांवर पुमा, कोंडोर, साप अशी नक्षी काढलेली असते. तिला तिकडे काय म्हणतात आणि त्या प्राण्यांचा अर्थ काय?’

आधी ते ‘काढलेली’ काढून टाका. कापडावर काहीही दिसलं की ‘नक्षी काढली’ म्हणतात, आणि ते ऐकून मी कंटाळलो आहे. ‘नक्षी’च्या मुळाशी अरबी ‘नक्श’ आहे: कोरणं, रंगवणं. म्हणजे पृष्ठभाग आधी तयार, आकृती मागाहून. अँडीजच्या मागावर कापड आणि त्यातला प्राणी बरोबरच तयार होतात.

पेरूतल्या कुस्को शहराकडच्या, केचुआ भाषा बोलणाऱ्या विणकर बायका या आकृतीला ‘पाल्याय’ म्हणतात. (रोमन लिपीत दोन ‘एल’ दिसले म्हणून ‘पल्लय’ लिहू नये. त्यांचा लामा हा लोकरीचा प्राणीही ‘ल्यामा’च, तिबेटी लामांशी त्याचं काही नातं नाही.) पाल्याय हे मुळात क्रियापद, अर्थ वेचणं. रानातले बटाटे गोळा करणं म्हणजे ‘पापा पाल्याय’. मागावर बसलेली बाई ताण्यातले हव्या त्या रंगाचे धागे बोटांनी वेचून वर घेते, बाकीचे खाली सोडते, आणि ओळीमागून ओळ प्राणी उमटत जातो. आता खरी गंमत. दोन पाल्यायांच्या मधल्या साध्या पट्ट्याला त्या ‘पाम्पा’ म्हणतात, म्हणजे सपाट मोकळं रान! रान आहे, वेचणी आहे. अख्खी शेतीच मागावर आली. आपणही कापसाची वेचणी म्हणतो, पण आपला शब्द शेताच्या बांधावरच थांबला. अशा विणीला मराठीत ‘वेचणी’च म्हणावं, हे माझं ठाम मत आहे.

‘नक्षी रूढ आहे, चालू द्या’ म्हणणाऱ्या जाणकारांनी वाका प्रिएताचं कापड आठवावं. वाका प्रिएता हे पेरूच्या उत्तर किनाऱ्यावरचं प्राचीन वस्तीचं ठिकाण. अमेरिकन पुरातत्त्वज्ञ ज्युनियस बर्ड यांनी १९४६ मध्ये तिथे खोदकाम सुरू केलं. सापडलेलं सुती कापड सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीचं, माग येण्याआधीचं, धाग्यांना पीळ देत हातांनी गुंफलेलं. रंग उडून गेलेला, नुसत्या डोळ्यांना काही दिसेना. कोणता धागा कुठे सरकला आहे हे एकेक करून टिपल्यावर पंख पसरलेला कोंडोर दिसला, त्याच्या पोटात साप. वरून काढलेला असता तर रंगाबरोबरच गेला असता.

पेरूच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या पाराकासचा अपवाद मान्य. पेरूचे पुरातत्त्वज्ञ हुलिओ तेयो यांच्या पथकाला १९२७ मध्ये तिथल्या दफनभूमीत ममींची ४२९ गाठोडी मिळाली. त्यांतल्या शालींवरच्या आकृती सुईने भरलेल्या आहेत. तिथे खुशाल भरतकाम म्हणा.

अर्थाचं म्हणाल, तर ‘कोंडोर आकाश, पुमा पृथ्वी, साप पाताळ’ हे त्रिकूट इंकांच्या नावाने पर्यटकांना इतकं घोकवलं जातं, की लिहिणारे ते इंकांच्या हजारावर वर्षं आधीच्या पाराकासवरही लादतात. मला ते अजिबात पटत नाही. कोंडोरला ‘गरुड’ करणंही थांबवा. ते गिधाड आहे, केचुआत ‘कुंतुर’. आणि पाराकास व त्यामागून आलेल्या नास्का संस्कृतीच्या कलेतलं ते मिशाळ जनावर बऱ्याचदा पुमा नसतंच. ते छोटं रानमांजर, पुष्कळदा पिकांसोबत दाखवलेलं. अभ्यासक त्याला पाम्पास मांजर म्हणून ओळखतात. त्याच्या नावातही तोच पाम्पा.