‘पिंजरा’ रंगमंचावर करावा का? माझं उत्तर

मालवणकडच्या एका हौशी मंडळाने विचारलंय की गावच्या उत्सवात यंदा ‘पिंजरा’ नाटक म्हणून करायचं मनात आहे. तरुण मंडळी म्हणतात, गाणी घरोघरी पाठ आहेत, गर्दी हमखास. जुनी माणसं म्हणतात, एवढ्या लाडक्या चित्रपटाला हात लावू नये.

मी पेटी-ऑर्गनच्या साथीला बसणारा. संगीत नाटकं, नमन आणि अधूनमधून दशावतार ही कोकणातली लोकनाट्यं, सगळ्यांना साथ केली आहे. त्यावरून सांगतो, करा. फक्त मूळ गाणी ट्रॅकवर लावून त्यावर नाचायचं ठरत असेल, तर मात्र जुन्या माणसांचं ऐका.

ट्रॅक सुरू झाला की प्रेक्षक डोळ्यांनी तुमची नटी बघतो आणि मनात चित्रपटातल्या संध्याबाई. त्या झगड्यात तुमची मुलगी कधीच जिंकणार नाही, मग ती कितीही गुणी असो. तीच मुलगी स्वतःच्या गळ्याने गायला लागली, थोडी कमी पडली तरी चालेल, की दुसऱ्या ओळीपर्यंत मंडप तिचा होतो. हे मी पेटीमागे बसून पुन्हा पुन्हा बघितलं आहे. आपल्याकडचा प्रेक्षक तसाच घडलाय. रत्नागिरीत राज्य संगीत नाट्य स्पर्धेला लोक पदातली एखादी जागा, म्हणजे सुरांची खास हरकत, कशी घेतली यावर मध्यंतरात तावातावाने बोलतात. दशावतारात तर लिहिलेली संहिताच नसते. नट उभा राहतो, पद उचलतो, पेटीवाला त्याची पट्टी, म्हणजे गाण्याचा मूळ सूर, पकडतो, मृदंग-झांज मागून येतात. सिनेमाच्या चाली तिथेही कधीच्या शिरल्यात आणि कुणाला खुपत नाहीत, कारण गळा समोरच्या माणसाचा असतो.

मोठ्या रंगमंचावरचा दाखला ‘मुघल-ए-आझम’चा. १९६०च्या या चित्रपटाचं फिरोज अब्बास खान यांनी २०१६ मध्ये संगीत नाटक केलं. शीशमहाल, भरजरी पोशाख, नर्तकींचा ताफा, सगळं होतं. पण ते उभं राहिलं ते अनारकली स्वतः रंगमंचावर गात होती म्हणून. आपली प्रियांका बर्वे त्या भूमिकेत होती. शिवाय त्या कथेचं मूळही नाटकातच, इम्तियाज अली ताज यांच्या ‘अनारकली’त. बाप-लेकाचे समोरासमोरचे लांब संवाद नाटकाला धार्जिणेच होते.

‘कट्यार काळजात घुसली’चं उदाहरण तुमच्यातल्या कुणीतरी दिलं असेलच. तो प्रवास उलटा आहे. १९६७चं नाटक, अभिषेकीबुवांचं संगीत, वसंतराव देशपांडे खाँसाहेबांच्या भूमिकेत. चित्रपट आला २०१५ साली. तिथे पार्श्वगायन आलं, नवी गाणी आली, आणि ते योग्यच होतं, कारण पडद्याला ते मानवतं. म्हणजे माध्यम बदललं की गाण्याची सोयही बदलावी लागते. तुम्हाला ती उलट्या दिशेने बदलायची आहे.

आता ‘पिंजरा’. १९७२, शांतारामबापूंचं दिग्दर्शन, राम कदमांचं संगीत, खेबुडकरांची गीतं. हा चित्रपट निवडलात याचा मला आनंद झाला, कारण यातली बरीच गाणी मुळात तमाशाच्या फडावरचीच आहेत. कथेतल्या लोकांसमोर ती रंगतात, म्हणजे ती आधीच रंगमंचावर आहेत. तुमचा मंडपच फड होऊ शकतो. पहिल्या रांगेतले गावकरी आपोआप त्या कथेतले गावकरी. डॉ. लागू ‘नटसम्राट’ गाजवून या चित्रपटात आले, निळूभाऊ फुले वगनाट्यातून आले. रंगमंचाचं रक्त त्यात आहेच.

अडचण दुसरीकडे आहे. कथेचे नायक गुरुजी आतून ढासळत जातात ते कॅमेरा जवळ जाऊन दाखवतो. तुमच्या मंडपात पंधराव्या रांगेतल्या आजीला डोळ्यांतला बदल दिसणार नाही. तिथे प्रसंग नव्याने लिहावा लागेल. आदर्श शिक्षक म्हणून ताठ उभा असलेला माणूस तमाशाच्या फडात पडेल ते काम करायला लागतो, हे हातातल्या वस्तूंमधून, चालण्यातून दिसलं पाहिजे. गावाने मेला असं समजलेला तो स्वतःच्याच खुनाच्या आरोपाखाली पकडला जाण्याचा शेवट मात्र जशाच्या तसा नाटकाचा आहे, त्याला धक्का लावू नका. गाणी सगळी घेऊ नका. जी कथेला पुढे ढकलतात तेवढीच ठेवा, नाहीतर ऑर्केस्ट्रा होईल आणि गुरुजी कोपऱ्यात उभे राहतील.

नाचता नाचता गाताना दम लागेल ही भीती खरी आहे. पण त्याचं उत्तर लावणीतच आहे. संगीत बारीत, म्हणजे गाण्या-नाचाच्या तमाशात, गाणारी बसून गाते, नाचणारी अदा करते, आणि तमाशात झीलकरी मागे उभे राहून ओळ उचलून धरतात. मुलगी ध्रुवपद गाईल, अंतऱ्यात ती नाचेल तेव्हा बसलेली गायिका घेईल. दोघी प्रेक्षकांना दिसू देत, लपवू नका. पट्टी मंगेशकर भगिनींची धरू नका, तुमच्या मुलीची धरा. रेकॉर्डच्या पट्टीत गळा ताणून तिसऱ्या गाण्याला बसलेला आवाज मी ऐकला आहे, फार वाईट वाटतं.

ढोलकीचं आत्ताच बघा. समुद्राच्या दमट हवेत उघड्या मंडपात रात्र चढली की कातडं ढिलं पडतं आणि ढोलकी उतरते, पेटी मात्र आहे तिथेच राहते. गाणाऱ्याला मग दोन स्वर ऐकू येतात. दोन ढोलक्या ठेवा आणि एक हॅलोजनजवळ गरम राहू द्या.

परवानगीचं टाळू नका. चित्रपटाचा हक्क प्रदर्शनानंतर ६० वर्षं असतो, गीतकार-संगीतकारांचा त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. खेबुडकर २०११ मध्ये गेले, म्हणजे हिशोब तुम्हीच करा. निर्मात्यांकडून आणि गाण्यांचे हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांच्याकडून लेखी घ्या. संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडेही पाठवावी लागेल. परवानगी मिळाली नाही तर तमाशाच्या फडावरची स्वतःची कथा लिहा आणि गावातल्या कुणाकडून लावण्या लिहून घ्या. शाहिरी अंग असलेली माणसं तुमच्या तालुक्यात कमी नाहीत.

तालमीला बसण्याआधी एक करा. गाणी पूर्ण बाजूला ठेवून नुसते प्रसंग मंडळात वाचा, जुन्या माणसांनाही बोलवा. नुसत्या वाचनात ती खिळून बसली, तर ढोलकीवाला शोधायला लागा. मुलीची पट्टी कळवलीत तर पेटीवर कुठली गाणी कशी बसतील ते मी लिहून पाठवतो.